कृपया सुटे पैसे देऊ नयेत

आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात गल्ल्याच्या डोक्यावर एक पाटी टांगलेली आहे. 'कृपया सुटे पैसे द्यावेत.' पाटी जुनी आहे. तिच्यातला 'कृ' केव्हाच उडाला असून उरलेला 'पया' वाचायची आम्हां गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. या पाटीवर माझी इतकी श्रद्धा होती की गेल्या दिवाळीत मी ती अक्षरशः पाळायला गेलो, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्याचं असं झालं. माळ्याची साफसफाई करताना सौभाग्यवतींना कन्येचा मातीचा गल्ला सापडला. कन्या आता बारावीत आहे आणि पैसा ही फोनमध्ये दिसणारी वस्तू आहे अशी तिची समजूत आहे. त्यामुळे गल्ला फोडायला तिनं ताबडतोब संमती दिली. मोजायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला सणासुदीला घरी नाणी मोजायला बसवणं म्हणजे आचाऱ्याच्या हातात त्याच्याच मुलीच्या लग्नात झारा देण्यासारखं आहे. पण सांगता कोणाला! एकाचे, दोनाचे, पाचाचे ढीग लावून मी बेरीज काढली. १,१२६ रुपये ५० पैसे. त्यातलं आठाण्याचं एकुलतं एक नाणं कन्येनं "कसलं क्यूट आहे" म्हणून ठेवून घेतलं.

"अहो, यात महिन्याचं वाणसामान येईल," सौ. म्हणाली. "घेऊन या."

अडीच किलोची ती कापडी पिशवी मी शेठजींच्या फळीवर ठेवली. शेठजींनी पिशवीकडे पाहिलं.

"साहेब, दळण पुढच्या दुकानात."

"दळण नाही, पैसे आहेत. मोजून घ्या."

शेठजींचा चेहरा असा झाला की जणू मी उधारी मागितली होती. "बँकेतले साहेब चिल्लर माझ्याकडे घेऊन येतात! उद्या हलवाई येईल माझ्याकडे पेढे मागायला!" मागे रांग उभी होती. रांगेतली माणसं हसली. हसता हसता त्यांच्यापैकी एकानं भिंतीवरच्या चौकटीला फोन दाखवला, आणि कपाटावरच्या डबीतून एका अदृश्य बाईनं साठ रुपये मिळाल्याचं जाहीर केलं. त्या बाईला कोणी सुटे मागत नाही.

मग मात्र अस्मादिकांचा कॉमर्सचा अभिमान जागा झाला. मी आवाज चढवून म्हटलं, "शेठजी, हे भारत सरकारचं विधिग्राह्य चलन आहे. ते नाकारता येत नाही. कायदा आहे तसा."

"कुठला कायदा?"

इथे माझी दांडी उडाली. बी. कॉम.ला 'पैसा व बँकिंग' नावाचा एक पेपर होता. त्यात मर्यादित विधिग्राह्य आणि अमर्यादित विधिग्राह्य असे पैशाचे दोन प्रकार होते आणि त्यावर पाच मार्कांची टीप हमखास यायची. ती टीप मी आयुष्यात दोनदा लिहिली आहे, कारण तो पेपरच मी दोनदा दिला. पण कायद्याचं नाव काही केल्या आठवेना. शेवटी सौ.च्या खात्यातून फोनवर पैसे दिले आणि एका हातात सामान, दुसऱ्या हातात चिल्लर अशी कावड घेऊन घरी आलो.

त्या रात्री मी कायदा शोधून काढला. तो आहे २०११ चा नाणे कायदा, आणि त्याचं सहावं कलम वाचून मला शेठजींना मनातल्या मनात नमस्कार करावा लागला. एक रुपया किंवा त्याहून मोठी नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी विधिग्राह्य. आठाण्याची नाणी दहा रुपयांपर्यंत. त्याखालची नाणी एक रुपयापर्यंत. संपलं. माझं बिल होतं अकराशे आठ. म्हणजे शेठजींनी कायद्याचा भंग केला नव्हता, कायद्याचं मला विस्मरण झालं होतं. कन्येचं ते क्यूट नाणं मात्र अजून चालतं, निदान कायद्याच्या पुस्तकात. दुकानात ते नेऊन दाखवायची माझी छाती नाही.

"समजा बिल आठशेचं असतं तर?" मी आमच्या वकील मेव्हण्याला विचारलं. मेव्हणा फुकट सल्ला देत नाही, पण दिवाळी होती आणि ताटात अनारसे होते.

"भावोजी, आधी देणं झालं का ते बघायचं," तो म्हणाला. "विधिग्राह्य म्हणजे देणं फेडायला चालणारं. तुम्ही तेल मागितलंत, त्यानं अजून दिलं नाही. देणं कुठाय? तो म्हणू शकतो, या पैशानं मला विकायचं नाही. सौदाच झाला नाही."

"आणि हॉटेलात?"

"हॉटेलात डोसा पोटात गेला की देणं झालं. मग हजारापर्यंत नाणी त्याला नाही म्हणता येणार नाहीत."

"आणि वाण्याकडे खातं असेल तर? महिनाअखेर उधारी फेडताना?"

"मग तर घ्यायलाच पाहिजेत. हजारापर्यंत."

म्हणजे बघा, वीस वर्षं मी शेठजींकडे रोखीनं सामान घेतलं, एक पैची उधारी ठेवली नाही, आणि कायदा निघाला उधारीवाल्यांचा! मध्यमवर्गीय माणसाची सचोटी त्याला कुठे कुठे नडेल, सांगता येत नाही.

पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. सरकारनं स्वतः पाडलेल्या, स्वतःचा छाप मारलेल्या नाण्याबद्दल सरकारच म्हणतं, हे पैसे आहेत पण अमुक इतकेच. म्हणजे खरे पैसे ते का हे? बोट धरून मागे मागे जात राहिलो, आणि दिवाळीची सुट्टी त्यात गेली.

आपल्याकडे लहान नाण्याची अडचण जुनी आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला तसाच तांब्याची शिवराईही पाडली. होन किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे. शिवराई मात्र बाजारातून इतकी फिरली की इंग्रज आल्यावरही बरीच वर्षं लोक ती सोडायला तयार नव्हते. पेशवाईत तर रुपयेच नाना तऱ्हेचे. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, आणि त्यांच्या मोबदल्यात तांब्याचा खुर्दा किती मिळेल याचा भाव रोजच्या बाजारावर. तेव्हा चिल्लर घेत नाही असं कोणी म्हणत नसे. बट्टा किती, एवढंच सराफ सांगे. नाही म्हणण्यापेक्षा ही पद्धत मला सभ्य वाटते. अर्थात मी बँकेत आहे, मला कमिशनची भाषा सभ्य वाटणारच.

खुर्दा हा शब्द आला की पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. १७६१ साली उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एका सावकारी पत्रातून ती बातमी पडली, आणि तीही जमाखर्चाच्या सांकेतिक भाषेत. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही, असा त्याचा भावार्थ. शाळेत हे शिकताना आम्ही मोत्यांसाठी हळहळलो. आता काउंटरवर इतकी वर्षं काढल्यावर मला तो न मोजलेला खुर्दा जास्त आठवतो. कोण असतील ती माणसं?

असो. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या मुलखात सगळीकडे एकच रुपया चालू केला. एक तोळ्याचा, चांदीचा. त्याचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. आणि त्याच साली सांगून टाकलं की तांब्याचा पैसा फक्त रुपयाच्या आतली कसर भागवायला चालेल, रुपयाच्या बदली नाही. म्हणजे चौसष्ट पैसे मिळून रुपया होतो, हे गणितात खरं. देणं फेडताना खोटं. ही अक्कल त्यांनी घरून आणली होती. इंग्लंडात १८१६ च्या कायद्यानं चांदीची नाणी चाळीस शिलिंगांपर्यंतच केली होती आणि १८७० च्या कायद्यानं ब्राँझची एका शिलिंगापर्यंत. कारण सरळ होतं. मोठ्या नाण्यात त्याच्या किमतीइतकी धातू असायची. लहान नाण्यात नसायची. तिथे सरकारचा छाप हीच बरीचशी किंमत. छापावर किती विश्वास ठेवायचा याला सरकारनं आपणहून मर्यादा घातली. आपल्या पोरावर फार भरवसा ठेवू नका, असं बापानंच गावात सांगून ठेवावं तसं!

पुढे गंमत अशी झाली की १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या आणि खुद्द रुपयाही छापावर जगायला लागला. तरी त्याचा मान गेला नाही. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाला मर्यादा नव्हती. लाखाचं देणं असलं तरी रुपये ओतून फेडता यायचं. म्हणून तर तो बंदा रुपया! चवली-पावलीची ऐपत मात्र रुपयाभरापुरतीच राहिली. हा बंदा रुपया २०११ च्या कायद्यानं हजारावर आणून अडवला. १८३५ ते २०११, म्हणजे १७६ वर्षांत रुपयाची चिल्लर झाली. त्याला सरकारनं समारंभ केला नाही, वर्तमानपत्रानं अग्रलेख लिहिला नाही. आमच्या बँकेतसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आमच्या बँकेत चहाला दोन मिनिटं उशीर झालेला लक्षात येतो.

मध्यंतरी उलटाही प्रकार झाला. कोणी घेत नाही म्हणून ओरड होण्याऐवजी कोणी सोडत नाही म्हणून. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की १९१७ साली सरकारला एक रुपयाची नोट छापावी लागली. दुसऱ्या युद्धात १९४० साली पुन्हा तेच, आणि जरुरीपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरला. मग लहान नाणीसुद्धा बाजारातून दिसेनाशी झाली. काही संस्थानांनी तर पैशा-आण्याच्या कागदी चिठ्ठ्या काढल्या. १९४३ साली धातू वाचवायला भोकाचा पैसा आला. आमच्या वडिलांच्या करगोट्यात आजीनं असाच एक भोकाचा पैसा ओवला होता. सरकारनं धातू वाचवायला भोक पाडलं आणि आजीनं त्याच भोकाचा उपयोग करून पैसा चलनातून काढून घेतला. अर्थशास्त्र असं घरोघरी चालतं.

१९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले. रुपयाचे शंभर. तारखेबद्दल मी काही बोलत नाही. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्ता निघाला: एक आण्याचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. आमचे आजोबा प्राथमिक शिक्षक. त्यांनी त्याच दिवशी हिशेब मांडला की एकेक आणा चारदा दिला तर चोवीस पैसे होतात आणि चार आणे एकदम दिले तर पंचवीस. हा एक पैसा जातो कुठे, हा प्रश्न ते अखेरपर्यंत विचारत असत. 'नवा' हा शब्द १९६४ साली गेला, आजोबांचा प्रश्न गेला नाही.

१९७१ साली पुन्हा चिल्लरीची टंचाई, आणि पुन्हा कायदा. रुपयाच्या आतली नाणी वितळवायची नाहीत आणि वाजवी गरजेपेक्षा फार जास्त जवळ ठेवायची नाहीत, नाहीतर तुरुंग. हा कायदा २०११ च्या कायद्यानं रद्द केला, म्हणून आमची कन्या वाचली. तोवर काळही बदलला होता. २००७ च्या सुमारास बातम्या येत होत्या की आपली नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जातात आणि त्यांची दाढीची पाती होतात. आपल्या रुपयाला धार आहे हे त्या वेळी प्रथमच कळलं.

हे सगळं वाचून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. दुकानदार नाही म्हणू शकतो, हजाराच्या वर कोणीही नाही म्हणू शकतो. मग ज्याचं सगळं उत्पन्नच नाण्यांत आहे त्यानं जायचं कुठे? देवळाबाहेर हार विकणारी बाई, वजनकाटा घेऊन फुटपाथवर बसणारा म्हातारा, आठवडी बाजारात कोथिंबीर विकणारी मावशी. याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. ते माझ्याच टेबलावर एका परिपत्रकात होतं. बँकेनं नाणी नाकारू नयेत असं रिझर्व्ह बँकेनं आम्हांला एकदा नाही, अनेकदा बजावलं आहे. आणि खातेदारानं किती भरावीत याला मर्यादा नाही. शंभर-शंभरच्या पिशव्या बांधून घ्या, वजनावर घ्या, पण घ्या. २०१६-१७ साली दहाचं नाणं खोटं असल्याची आवई उठली तेव्हाही हेच. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने काढलेले आहेत आणि चौदाही खरे. आमच्या काउंटरवर लोक तेराव्या-चौदाव्या नमुन्यापर्यंत भांडायला येत होते.

म्हणजे भरतखंडात चिल्लरीला नाही न म्हणू शकणारा प्राणी एकच, आणि तो कॅश काउंटरवर बसलेला कारकून! सोमवारी मी माझी पिशवी घेऊन आमच्याच शाखेत गेलो. कॅशवर आमचे शेजारी बसतात, माझे पंधरा वर्षांचे मित्र.

"हे काय, दळण आणलंस?" ते म्हणाले.

"भरून घे. परिपत्रक आहे."

"परिपत्रक मलाही माहीत आहे. पण आज सोमवार, तुलाही माहीत आहे. बाराच्या पुढे ये. नाहीतर उद्या ये." आणि मग, पंधरा वर्षांच्या मैत्रीला जागून, हळूच, "अरे, वाण्याला का नाही देत?"

त्यांना हसायचा मला अधिकार नाही. ते वाक्य मी स्वतः किती जणांना म्हटलं आहे याची मोजदाद नाही. शेवटी चार वाजता त्यांनी पैसे भरून घेतले, दोघांनी मिळून मोजले. पण नाही म्हटलेल्या एका माणसाचा हिशेब मात्र माझ्याकडे पक्का आहे.

२०११ सालची गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या एका शाखेत होतो. पावली आणि त्याखालची सगळी नाणी ३० जूनपासून बंद होणार, २९ पर्यंत बदलून घ्या, असं सरकारनं आधीच जाहीर केलं होतं. जूनभर लोक डबे घेऊन येत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागलेला असताना, एक आजी आल्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात पावल्या होत्या. नुसत्या पावल्या. रोज दुधाच्या हिशेबातून एक बाजूला टाकत होते, म्हणाल्या.

मी सांगितलं, "आजी, हे बंद झाले. गेल्या आठवड्यात यायला पाहिजे होतं."

"गेल्या आठवड्यात गाडी बंद होती बाबा, पुलावर पाणी होतं."

"आता नाही घेता येत. दुकानदार घेतो का बघा."

"दुकानदार गेली चार वर्षं घेत नाही," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो बँकेत जा."

मागे रांग होती. मी पुन्हा नियम सांगितला, जरा मोठ्यानं. त्यांना ऐकू कमी येत नव्हतं, हे मला नंतर लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "पैसे सरकारनंच दिले होते ना?" मी हो म्हटलं. "मग मी काय केलं मधे?" याला परिपत्रकात उत्तर नव्हतं.

मग त्यांनी माझ्यासमोर ते मोजायला घेतले. मला द्यायला नाही, स्वतःसाठी. रांग बाजूच्या काउंटरवर सरकली. चार चारचे ढीग करून, अर्धा तास लावून त्यांनी मोजले. आठशे बावन्न. दोनशे तेरा रुपये.

"एवढं लिहून दे बाबा," त्या म्हणाल्या. "नातू म्हणेल, आजीनं मधल्यामधे खर्च केले."

मी पैसे भरायच्या स्लिपेच्या पाठीमागे लिहिलं: पंचवीस पैशांची नाणी ८५२, रुपये २१३, मुदत संपल्यामुळे स्वीकारता येत नाहीत. खाली सही केली. त्यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाल्या, "शिक्का?"

शिक्का माझ्या हाताशीच होता. पण अशा कागदावर शिक्का मारायचा नियम नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घालून ती पावल्यांच्या वर ठेवली, आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.